वाट्याला आलेलं छप्पर
(प्रस्तावना)

घर केवढं आहे, हे सगळेच विचारतात. त्या घराच्या वाट्याला छप्पर किती येतं, हे सहसा कुणी विचारत नाही. शहरात राहून आपली वीज, आपलं पाणी आणि आपला कचरा आपणच सांभाळणारं लहान घर बांधायचं, तर आधी या दुसऱ्या प्रश्नाला भिडावं लागतं. ऊन छपरावर पडतं, पाऊसही छपरावरच पडतो. खांबावरून येणारी तार आणि रस्त्याखालून येणारा नळ घडीभर बाजूला ठेवले तर शहरी घराची कमाई एवढीच. बाकी सगळा खर्च. या पुस्तकातले आराखडे पंधरा ते तीस चौरस मीटरच्या घरांचे आहेत. पंधरा म्हणजे जुन्या चाळीतली खोली, आणि तीस म्हणजे पंतप्रधान आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटासाठी धरलेली कमाल मर्यादा. ते पाहण्याआधी छपराचा हिशेब इथे मांडून ठेवते. तो एकदा बसला की कुठला आराखडा तसाच का काढला, हे प्रत्येक पानावर सांगत बसायला नको.

महाराष्ट्रात एक किलोवॅट क्षमतेच्या सोलर पॅनेलना साधारण दहा चौरस मीटर जागा लागते, तीही सावली न पडणारी. वर्षाची सरासरी धरली तर त्यातून दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. एप्रिलात थोडी जास्त, जुलैत निम्म्यावर. आता घर काय खातं ते पाहू. छताचा जुना पंखा पंचाहत्तर वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तीस. असे दोन पंखे रोज चौदा तास, नऊ-नऊ वॅटचे पाच एलईडी दिवे संध्याकाळचे पाच तास, एक छोटा फ्रीज, मोबाइल, लॅपटॉप आणि वायफायची डबी, सगळं मिळून दोन युनिटच्या आसपास जातं. स्वयंपाक विजेवर नेला की आणखी दीड युनिट. एसी लावला की वही मिटून ठेवावी. टनाचा एसी रात्रभर चालला तर एकटाच पाच-सहा युनिट घेतो.

म्हणजे एसीशिवाय आणि गॅसवर स्वयंपाक करून राहणाऱ्या लहान घराला रोजची दोन युनिट हवीत, आणि दोन युनिटना पाच चौरस मीटर छप्पर हवं. हा आकडा लक्षात ठेवून मुंबईतल्या बीडीडी चाळींकडे पाहावं. १९२०च्या दशकात, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात काढलेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ चाळी उभ्या केल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून बोळ, संडास सामाईक, खोली १६० चौरस फुटांची. बोळ, जिना, संडास यांचा भाग मिळवला तर खोलीमागे वीस चौरस मीटर बांधकाम होतं. चार मजल्यांत ते वाटलं की प्रत्येक खोलीच्या वाट्याला छप्पर येतं पाच चौरस मीटर. गिरणी कामगारांच्या चाळी बांधताना कुणी सोलरचा विचार केला असेल अशी शंका घ्यायचं कारण नाही. पण हिशेब तंतोतंत जुळतो खरा.

त्याच जागी आता उंच इमारती होत आहेत. २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षं मजल्यावरच्या रांगेत उभं राहिलेल्यांना घरात संडास मिळाला, याबद्दल कुणी नाक मुरडू नये. पण छपराच्या वहीत काय झालं तेही पाहावं. चाळीस मजले आणि मजल्यावर आठ घरं धरली तर ३२० घरं एका गच्चीचे भागीदार. लिफ्टची खोली, पाण्याच्या टाक्या, आग विझवण्याची टाकी यांची जागा वजा केली तर घरटी जेमतेम एक चौरस मीटर उरतं. त्यातून एका पंख्यापुरती वीज मिळेल. अशा इमारतीला ‘ग्रीन’ म्हणून कितीही प्रमाणपत्रं लावली तरी ती तारेच्या आणि नळाच्या जोरावरच उभी असते. मजले वाढवत नेले की घर आकाशाजवळ जातं आणि आकाशातलं त्याचं उत्पन्न घटत जातं.

म्हणून या पुस्तकातला एकही आराखडा चार मजल्यांच्या वर जात नाही. चार मजले ही सौंदर्याची किंवा जुन्या आठवणींची निवड नाही, भागाकाराची आहे.

बैठ्या, दाट वस्तीचं आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण नवी मुंबईत आहे. बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८३ ते ८६ दरम्यान रचलं. साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं, सगळ्यात लहान भूखंड ४५ चौरस मीटरचा. सात घरं मिळून आठ मीटर लांब-रुंद अंगण, असे तीन पुंजके मिळून बारा मीटरचा चौक, आणि असं वाढत वाढत अख्खी वस्ती. एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, कारण प्रत्येकाला आपलं घर आपल्या ऐपतीने वाढवता यावं, असा कोरियांचा आग्रह होता. लोकांनी ते इतक्या मनावर घेतलं की मूळ घरं आज शोधावी लागतात. वास्तुकलेचे विद्यार्थी तिथे जाऊन हळहळतात, मला मात्र त्यात रचनेचा पराभव दिसत नाही. घरं बदलली, मजले चढले, पण अंगणं बऱ्याच ठिकाणी टिकून आहेत. स्वयंपूर्ण घराला छपराच्या खालोखाल जे लागतं ते हेच, चार-सहा घरांच्या मधली, कुणा एकाची नसलेली जागा. तिचं काय करायचं, हे पाण्याचा हिशेब केला की कळतं.

बेलापुरातलं पंचवीस चौरस मीटर छपराचं एक घर घेऊ, राहणारी दोन माणसं. मुंबईच्या पट्ट्यात वर्षाला साधारण २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. सांडलेलं, उडालेलं, पहिल्या पावसाचं सोडून दिलेलं वजा जाता ऐंशी टक्के हाती लागलं तर वर्षाचं ४४ हजार लिटर पाणी होतं. शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी माप आहे. त्याने दोघांना वर्षाला ९८ हजारांवर लिटर लागतील. पण काटकसरीने साठ लिटरमध्ये भागवलं तर लागतात ४३,८०० लिटर. जुळलं की! इथे पुष्कळ लेख थांबतात आणि नळ तोडायला निघतात. गोम अशी आहे की हे पाणी चार महिन्यांत येतं आणि बारा महिने लागतं. उरलेल्या आठ महिन्यांसाठी २८-२९ हजार लिटर साठवून ठेवायचे तर २९ घनमीटरचा हौद लागतो, म्हणजे घराच्या तळाइतकाच लांब-रुंद आणि पुरुषभर नसला तरी कमरेच्या वर खोल. लहान घर बांधायला निघालो आणि त्याखाली पाण्याचं दुसरं घर बांधून बसलो, असं होतं. पुण्यात तर तेवढीही मजल जात नाही. तिथे पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. त्याच छपराला १४ हजार लिटर, म्हणजे माणशी दिवसाला एकोणीस.

तेव्हा पाण्याच्या बाबतीत शहरातल्या एकट्या घराने स्वयंपूर्ण होण्याचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सात घरांनी मिळून अंगणाखाली एक हौद बांधला तर खोदाई एकदाच होते, पावसाळाभर नळाचं पाणी जवळजवळ बंद ठेवता येतं आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची वेळ कमी येते. ही कल्पना नवीही नाही. अठराव्या शतकाच्या मध्यात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने पुण्यात पाणी आणलं ते मुख्यतः पेठांतल्या हौदांत. काही वाड्यांचे आपले हौद होते, बाकीच्यांनी सार्वजनिक हौदावर कळशी न्यायची. मुंबई महापालिकेने मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण २००२ पासून सक्तीचं केलं, पुढे ३०० चौरस मीटर आणि त्याहून मोठे भूखंडही त्यात आणले. पण ३०० चौरस मीटरखालच्या भूखंडाला नियम विचारत नाही, आणि लहान घरं नेमकी तिथेच असतात.

लहान घरांच्या इतिहासात एक गोष्ट वारंवार दिसते आणि तिच्याकडे काणाडोळा केला जातो. वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांनी १९५१-५२ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, रोकब्रून-काप-मार्तॅं इथे स्वतःसाठी लाकडी कबानों, म्हणजे खोपी, बांधली. ३.६६ मीटर बाय ३.६६ मीटर, त्यात पलंग, मेज, कपाट, हात धुण्याचं भांडं सगळं मापून बसवलेलं. लहान घरावरच्या प्रत्येक पुस्तकात तिचं छायाचित्र असतं. तिच्यात स्वयंपाकघर नाही हे मात्र ओझरतं सांगितलं जातं. कबानोंची एक भिंत शेजारच्या खानावळीला लागून होती आणि मधे दार होतं; जेवण तिकडून. टोकियोच्या गिंझामध्ये किशो कुरोकावा यांचा नाकागिन कॅप्सूल टॉवर १९७२ साली उभा राहिला. १४० कप्पे, त्यांतही स्वयंपाकघर नाही, कारण खाली अख्खं शहर जेवू घालायला बसलेलं. दर पंचवीस वर्षांनी कप्पे बदलायचे असा बेत होता. एकही बदलला गेला नाही, कारण एक काढायचा तर वरचेही हलवावे लागत आणि मालक तर प्रत्येकाचा वेगळा. २०२२ साली इमारत उतरवली.

घर जितकं लहान, तितकं ते दुसऱ्या कशावर तरी रेललेलं असतं. खानावळीवर, लाँड्रीवर, सामाईक संडासावर, शेजारणीच्या फ्रीजवर. चाळीतल्या खोलीत आठ माणसं राहिली ती खोलीत मावली म्हणून नव्हे. गॅलरी, जिना, गच्ची आणि समोरचं मैदान खोलीला जोडलेलं होतं म्हणून. बाहेरची ही जोड काढून घेतली आणि खोली तेवढी ठेवली की काय होतं, हे गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत पाहायला मिळतं. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेचा २०१८चा अभ्यास या वसाहतींतल्या क्षयरोगाचा संबंध घरातल्या अपुऱ्या उजेडाशी आणि कोंडलेल्या हवेशी जोडतो. झोपडपट्टी पुनर्वसनात घराचं क्षेत्रफळ २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि मग ३०० झालं, त्यावर भरपूर चर्चा झाली. दोन इमारतींत अंतर किती ठेवायचं, यावर तितका आवाज कुणी केला नाही. लहान घर हे गरिबांच्या गळी उतरवायचं तत्त्वज्ञान आहे असं कुणाला वाटत असेल तर हे पुस्तक त्यांच्यासाठी नाही. यातले आराखडे कमीत कमी जागेत माणसं कोंबण्याच्या कामी वापरता येऊ नयेत, म्हणून प्रत्येक घराच्या नकाशासोबत त्याच्या आजूबाजूचा मोकळा तुकडाही काढला आहे. तो सोडून नुसतं घर उचललं तर नकाशा अपुरा समजावा.

आता घराच्या आत येऊ. लहान घरातला सगळ्यात हुशार भाग कोणता असं विचारलं तर मी मोरीकडे बोट दाखवेन. तीन बाय तीन फुटांचा कोपरा, वीतभर उंच कठडा, खाली शहाबादी फरशी किंवा कडप्पा, भिंतीला खुंटी, कडेला पिंप. पहाटे नळ यायचा आणि तासाभरात जायचा. तेवढ्यात पिंप, हंडा, कळशी, तपेली, शेवटी तांब्यासुद्धा भरून ठेवायचा. दिवसभर मग त्या साठ्यावर आंघोळी, भांडी, कपडे, पाय धुणं. तांदळाचं धुवण तुळशीला, कपड्यांचं शेवटचं पाणी बादलीत राखून संडासाला किंवा जिना धुवायला. घरातल्या लहान मुलालाही पिंपात किती पाणी आहे ते माहीत असे, कारण पिंप डोळ्यासमोर होतं आणि वाकून पाणी काढताना तळ हाताला लागे. गच्चीवरच्या काळ्या टाकीने ही जाण संपवली. टाकी दिसत नाही, नळ सोडला की पाणी येतं, आणि संपतं तेव्हाच कळतं. म्हणून या पुस्तकातल्या सगळ्या घरांत टाकीला जोडलेली एक पारदर्शक उभी नळी ओट्याशेजारच्या भिंतीवर आणली आहे. खर्च किरकोळ. पाण्याचा वापर उपदेशाने कमी होत नाही, पातळी उतरताना दिसली की होतो. बॅटरीचंही तसंच. तिचा काटा इन्व्हर्टरच्या पेटीत, पेटी माळ्यावर, असं करू नये. दाराजवळ, चपला घालताना दिसेल असा लावावा.

तमिळनाडूचे अरुण प्रभू यांनी रिक्षाच्या पाठीवर ३६ चौरस फुटांचं घर बसवलं होतं. वर ६०० वॅटचं पॅनेल आणि २५० लिटरची टाकी. २०२१ साली त्याची छायाचित्रं देशभर फिरली आणि पुष्कळांनी ते खेळणं समजून सोडून दिलं. मला त्यातला पाण्याचा आकडा मोलाचा वाटतो. सरकारी मापाने २५० लिटर दोन माणसांना एक दिवसही पुरत नाहीत. मोरीच्या मापाने तीन दिवस पुरतात.

तीन दिवस हेच माप पुढे सगळीकडे वापरलं आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कित्येक वस्त्या अनेक दिवस अंधारात होत्या, आणि चहूकडे पाणी असून प्यायला पाणी नव्हतं. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबईची वीज गेली तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या. २०२१च्या जुलैत चिपळूण बुडालं. अशा वेळी तारेविना, नळाविना तीन दिवस घर चालावं, आजारी माणसाचं औषध फ्रीजमध्ये थंड राहावं, फोन चार्ज व्हावा, संडास वापरता यावा, एवढं साधलं तर शहरी घराने पुष्कळ साधलं. त्यासाठी पाच युनिटची लिथियम बॅटरी लहान घराला भागते: तीन दिवस काटकसर, आणि ढगाळ आभाळातूनही थोडी भर पडतच असते. शिशाची बॅटरी स्वस्त पडते, पण पूर्ण रिकामी करता येत नाही, चार-पाच वर्षांत बदलावी लागते आणि तिच्यातलं शिसं भंगारात कुठल्या तरी गल्लीत उघड्यावर वितळतं. तिला ‘पर्यावरणपूरक’ म्हणताना जीभ अडखळायला हवी.

मग बाकीचे ३६२ दिवस तार तोडायची का? जिथे तार आहे तिथे तोडू नये. दिवसाची उरलेली वीज तारेत सोडावी, रात्री परत घ्यावी. शहराची तार हीच सगळ्यात मोठी आणि सगळ्यात स्वस्त साठवण आहे. फेब्रुवारी २०२४ पासून चालू असलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतलं अनुदान तारेला जोडलेल्या पॅनेलनाच मिळतं: एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६०, तीन आणि त्यापुढे ७८ हजार रुपये. गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार. हे धोरण मला योग्य वाटतं. कट्टर मंडळींना यात तडजोड दिसेल. त्यांनी डोंगरावर घर बांधावं. तिथे तारच नाही, म्हणजे वादही नाही.

गच्चीवर आणखी एक तंटा असतो, तो नकाशात सहसा उमटत नाही. तीच गच्ची पॅनेलला हवी, सोलर बंबाला हवी, टाकीला हवी, कपड्यांच्या दोऱ्यांना हवी, आणि मार्च उजाडला की कुरडया-पापडांच्या वाळवणाला हवी. पॅनेल जमिनीसरशी बसवली तर पहिल्याच उन्हाळ्यात भांडण ठरलेलं. ती अडीच मीटर उंच सांगाड्यावर घेतली की खाली सावली मिळते, कपडे पावसातही वाळतात, पोरं खेळतात आणि खालच्या स्लॅबवर थेट ऊन न पडल्याने वरच्या मजल्यावरची खोली निवते. सांगाड्याचा खर्च वाढतो, वाऱ्याच्या झोताचा हिशेब इंजिनिअरकडून करून घ्यावा लागतो, तरी तो करावाच. उरलेल्या गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक किंवा निदान दर वर्षी चुन्याचा हात. लहान खोली तापते लवकर, कारण आतली हवा थोडी आणि तापणाऱ्या भिंती-छप्पर त्या मानाने फार. त्यात माणसं आणि शेगडी. म्हणून समोरासमोर खिडक्या या घरांत चैनीची गोष्ट नाही. दमट हवेच्या प्रदेशात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र जमिनीच्या एक षष्ठांश तरी असावं, असं इको निवास संहितेचं २०१८चं माप आहे. आमच्या आराखड्यांत ते कुठेही कमी पडू दिलेलं नाही. भिंतींबद्दल फार लिहीत नाही. लॉरी बेकर यांच्या रॅट-ट्रॅप बांधणीत विटा चौथ्या हिश्शाने कमी लागतात आणि मधल्या पोकळीमुळे ऊन कमी आत येतं, हे केरळात अनेक घरांनी दाखवून दिलं आहे. आपल्याकडचा गवंडी पहिल्या दिवशी कुरकुरतो, दुसऱ्या दिवशी शिकतो.

घाणीचं प्रकरण पुस्तकात सगळ्यात लांब आहे, आणि ते मुद्दाम. विजेवर बोलायला सगळ्यांना आवडतं, संडासावर कुणाला नाही. महाराष्ट्रात मात्र त्यावर मान खाली घालून काम करणारी माणसं होऊन गेली. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि सोनखत हा आयुष्याचा विषय केला. देहूच्या आरोग्य केंद्रात १९५९ साली डॉक्टर म्हणून आलेले सुहास मापुसकर त्याच वाटेने गेले. संडासाला जोडलेला त्यांचा ‘मलप्रभा’ गोबरगॅस अनेक ठिकाणी बसला. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा ते हयात नव्हते. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली सुरू झालेल्या ‘आरती’ संस्थेतून वेगळाच मुद्दा मांडला. शेण म्हणजे जनावराने आधीच पचवून टाकलेलं अन्न. जंतूंना त्यापेक्षा शिळा भात, भाकरीचे तुकडे, खराब पीठ दिलं तर गॅस कितीतरी लवकर आणि जास्त होतो. एकात दुसरी उपडी बसणाऱ्या दोन प्लॅस्टिकच्या टाक्यांचा तो संच गच्चीवरही मावतो. २००६ साली त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला. अडचण इथेही तीच: चौघांच्या घरातून रोज जेमतेम किलोभर ओला कचरा निघतो, त्यावर एकट्या घराचा संच अर्धपोटी राहतो. सात घरांचा कचरा एकत्र आला तर एका-दोघांचा स्वयंपाक तरी त्यावर होतो, आणि कचऱ्याची गाडी चुकली तरी वास सुटत नाही.

आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी कर्दळ, वेखंड अशा झाडांच्या वाफ्यातून गाळून फ्लशला वापरता येतं. नागपूरच्या ‘नीरी’ने याच तत्त्वावर फायटोरिड ही पद्धत विकसित केली. माणशी एक-दोन चौरस मीटर वाफा धरावा. मैल्याचं मात्र शहरात घरापुरतं धाडस नको. रस्त्यात मलवाहिनी असेल तर तिला जोडून घ्यावं, नसेल तर दोन खड्ड्यांचा किंवा मलप्रभेसारखा सामाईक पर्याय, आणि तोही विहीर-बोअरवेलपासून लांब. मैला कुठे मुरतो हे आपल्याला दिसत नाही, खालच्या आळीला प्यावं लागतं.

हे सगळं कुठे बांधायचं, असा प्रश्न मुंबईचा वाचक विचारणारच. वरळी-दादरच्या जमिनीच्या भावात चार मजली वस्ती बसत नाही, हे मान्य. पण मुंबईतच गावठाणं आहेत, कोळीवाडे आहेत, जिथे घरं अजून बैठी आहेत, छप्पर ज्याचं त्याचं आहे आणि दोन घरांत जाळी विणायला पुरेशी जागा आहे. नाशिक, कोल्हापूर, सांगली, संभाजीनगरच्या जुन्या आळ्या आहेत. पुण्याच्या कडेला गुंठ्या-अर्ध्या गुंठ्यावर रोज घरं उठताहेत. ती तशीही उठणारच आहेत, तर निदान त्यांच्या गच्च्या आणि मधले बोळ विचार करून ठेवले जावेत. सगळ्यात जास्त आराखडे याच जागांसाठी आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेतली मापं, म्हणजे राहत्या खोलीला किमान साडेनऊ चौरस मीटर, रुंदी २.४ मीटर, उंची २.७५ मीटर, ही सगळीकडे पाळली आहेत. पोटमाळ्यावर झोपण्याची सोय असलेल्या घरांना उंची जास्त घेतली आहे, कारण उठून बसताना डोकं आपटणाऱ्या माळ्यावर फक्त गाद्या आणि जुन्या वह्या जातात.

आराखड्यांपेक्षा अवघड भाग नकाशात काढता येत नाही. हौदाची जाळी कुणी साफ करायची, गॅसच्या टाकीत कुणाच्या घरचं मटणाचं हाडूक पडलं, सातव्या घराने भाडेकरू ठेवला तर बॅटरीचा वाटा कुणाचा, पॅनेल पुसायची पाळी कुणाची आणि पाळी चुकवली तर काय, यांवर सामाईक यंत्रणा बंद पडतात. वायर जळून क्वचितच. म्हणून शेवटच्या प्रकरणात सात घरांसाठी करारनाम्याचा मसुदा दिला आहे: वाटे, पाळ्या, दुरुस्तीची वर्गणी, घर विकताना हौदातला हिस्सा कसा जाईल आणि भांडण झालं तर कुणाकडे जायचं. वकिलाला दाखवून घेतलेला आहे. मोकळ्या सोडलेल्या जागी आकडे ज्याचे त्याने भरायचे आहेत, आणि ते पायाचा पहिला खड्डा खणण्याआधी भरावेत.